लेबलाची चौथी ओळ

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. अंबड

ह्यांच्या जुन्या फायलींची खोली आज रिकामी केली. मुकुल जालन्याहून टेम्पो घेऊन आला. चार निळे टब, दोन काचेच्या टाक्या, पंप, नळ्या आणि समुद्राच्या मिठाच्या पिशव्या. ह्यांनी बत्तीस वर्षं इथल्या कोर्टात कारकुनी केली; त्या खोलीला अजून शाईचा आणि लाल फडक्याचा वास होता. संध्याकाळपर्यंत तिथं दुसराच वास सुटला. ओला, खारट. मी दारात उभी राहून नुसता श्वास घेत राहिले. चौसष्टाव्या वर्षी माझ्या घरात समुद्र आला.

मुकुलचा बेत असा. लोखंडाच्या गिरण्यांचे मालक, दातांचे डॉक्टर, हॉटेलवाले, सगळ्यांना आता खाऱ्या पाण्याची टाकी हवी असते. माल दक्षिणेकडून यायचा, आठ-पंधरा दिवस आमच्याकडे विसावायचा, नीट खायला लागला की गिऱ्हाइकाकडे जायचा. त्याच्या जालन्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. ‘आणि तुझ्यासारखं जपणारं दुसरं कोण आहे, आई?’ म्हणाला.

धंद्याचं नाव ठेवलंय ‘तारा मरीन’. नोंदणीही माझ्या नावानं. मी म्हटलं, अरे, माझं नाव कशाला? तर म्हणे, ‘बाईच्या नावावर असलं की कागदं जल्दी होतात. आणि तुझं नाव शुभ आहे.’ सात ठिकाणी सह्या केल्या. मोबाइलचं नवं सिमही माझ्याच आधारकार्डावर. भार्गवी, माझी सून, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘आई, वाचून तरी सही करा.’ मुलानं पुढं केलेला कागद आई वाचत बसते का? ह्या मुलीला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते ना, दाणा न् दाणा तपासायची सवय.

१४ नोव्हेंबर

मिठाचं गणित शिकले. गाळलेल्या पाण्यात मीठ विरघळवायचं, थेंबभर पाणी एका लहानशा नळीच्या काचेवर ठेवायचं, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आमचं बोअरचं पाणी बिलकुल चालत नाही.

दिवसभर सिस्टर बेनेडिक्टा आठवत होत्या. जालन्याच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या नेचर स्टडी शिकवायच्या. मंगळूरकडच्या, समुद्राकाठी वाढलेल्या. आठवीत असताना त्यांनी बुटाचं खोकं वर्गात आणलं. आत कापूस, आणि कापसात शंख, प्रवाळाची एक फांदी आणि बोटाएवढा वाळलेला समुद्रघोडा. आम्ही जालन्याच्या मुली. आमच्या लेखी मोठं पाणी म्हणजे मोती तलाव. मी तो घोडा तळहातावर घेतला आणि मला रडूच आलं. का, ते आजही सांगता येणार नाही.

प्रत्येक वस्तूला सिस्टरांचं लेबल असायचं. चार ओळी. नाव. ठिकाण. तारीख. कसं मिळालं. ‘तारा, चौथी ओळ खोटी लिहिलीस तर वरच्या तिन्ही पुसून टाक,’ असं म्हणायच्या. शाळा सुटताना ती प्रवाळाची फांदी त्यांनी मला दिली. पुढं अंबडच्या शाळेत तीस वर्षं मी पोरांकडून त्याच चार ओळी गिरवून घेतल्या. पानांचे अल्बम, पिसं, मुंगळे. एकानं खरूज झालेल्या कुत्र्याचे केस आणले होते, त्यालाही लेबल.

प्रवाळाची फांदी ह्यांच्या फोटोशेजारी आहे. पन्नास वर्षांत तिच्यावर फक्त धूळ बसली.

२४ नोव्हेंबर, रविवार

समुद्रघोडे आले! सहा. थर्मोकोलच्या खोक्यात, फुगवलेल्या पिशव्यांत, शेपट्यांनी एकमेकांना धरून बसलेले. खोक्यावर ‘शोभेचे मासे’ एवढंच लिहिलेलं आणि माझं नाव, माझा पत्ता. बाकी नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि दगडासारखं दिसणारं जिवंत प्रवाळ होतं.

छकुली, माझी नात, सहा वर्षांची, टाकीला नाक लावून बसली होती. सगळ्यांत मोठा घोडा ताठ उभा राहतो, पोट पुढं काढून. ‘आजी, हा हवालदार!’ झालं, नाव पडलं.

घरकामाला येणाऱ्या सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावून पाहिलं. ‘बाई, ह्ये घोडं हाय का पाल?’

मी सांगितलं, ह्यांच्यात पिल्लं नराच्या पोटात वाढतात.

‘आगं बया! मंग बायको काय करती?’

‘अंडी देते आणि निघून जाते.’

‘एका ठिकाणी तरी देव बराबर वागला म्हणायचा,’ म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

संध्याकाळी टाक्यांना लेबलं चिकटवली. मुकुल हसला. ‘आई, हे काय प्रदर्शन आहे का?’ पण काढ म्हणाला नाही. चौथी ओळ रिकामी होती. मला माहीत नव्हती.

२८ नोव्हेंबर

नव्या नंबरवर फोन आला. माल पाठवणारा, दक्षिणेत समुद्राकाठच्या मंडपमहून. तामिळ हेलातलं मोडकं हिंदी. ‘अम्मा, सब जिंदा? एक का पूँछ में जाल का कट है, देखना. भेजने से दो दिन पहले ही पकड़ा था.’ हवालदाराच्याच शेपटीला चीर आहे. मी हळदीचं बोट घेऊन गेले आणि मग हसले. पाण्यात हळद कुठं टिकणार!

चौथी ओळ भरली. मंडपमच्या समुद्रात, जाळ्यात.

३ डिसेंबर

आज सुगंधाबाईंची गंमत. म्हणाल्या, ‘बाई, एक सांगू का? राग न्हाई ना येनार? माझ्या दिरानं, सुग्रीवनं, मंठ्याकडं मेंढरं चारताना ससा धरल्ता. मारला बी न्हवता. पोरीला खेळायला आणल्ता. फारेष्टवाल्यायनं जीपमधी घालून नेलं. नऊ वर्सं झाली, अजून तारखा करून राह्यलाय. रानातलं जनावर घरात आलं की ते सरकारचं असतंय.’

मी म्हटलं, ‘अहो, हे रानातलं नाही. समुद्रातलं आहे.’

‘समुद्र म्हंजी पाण्याचं रानच की.’

बिचाऱ्या. अडाणी माणसाला एकदा कोर्टाची भीती बसली की प्रत्येक झाडामागं शिपाई दिसतो. ह्यांनीच सांगितलं होतं, कोर्टात गरिबाला सगळ्यात जास्त छळतं ते अज्ञान.

१२ डिसेंबर, गुरुवार



छकुलीसाठी समुद्रघोड्यांची माहिती लिहून काढावी म्हणून मोबाइलवर शोधत होते. तिथं वन्यजीव कायदा निघाला. अनुसूची एक. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत समुद्रघोडा. सगळ्या जाती. आणि दगडासारखं प्रवाळही, सगळं. पकडायचं नाही, विकायचं नाही, जवळ ठेवायचं नाही. तीन ते सात वर्षं कैद. चारदा वाचलं. आमच्या इंग्रजीवर सिस्टरांनी किती मेहनत घेतली होती. एकही शब्द अडला नाही. अडला असता तर बरं झालं असतं. नारिंगी पट्ट्यांचे मासे यादीत नाहीत, ते मात्र चालतात.

मुकुलला फोन केला. तो हसला. ‘आई, ते समुद्रातून पकडलेल्यांसाठी. आपले पैदास केलेले आहेत. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांसारखे. कागद आहेत माझ्याकडं.’

‘पण तो माणूस म्हणाला, जाळ्यात...’

‘त्याला हिंदी येतं का नीट? काहीतरी बोलला असेल. तू ती लेबलं बदल. पैदास केंद्र लिही.’

मी चौथी ओळ खोडरबरानं पुसली. पैदास केंद्र लिहिलं नाही. रिकामी ठेवली. खोटं लिहिलं नाही ना, असं स्वतःला बजावलं. शेपटीची चीर भरत आली आहे. कोंबडीला जाळ्याची चीर पडत नाही, हे मला कळतं. पण सकाळी मी टाकीपाशी गेले की हवालदार काचेजवळ येतो, बोटाच्या मागं मागं फिरतो. हे पाच जूनला गेले. रिकाम्या घरात एकटं माणूस फिरतं तेव्हा त्याच्या मागं कोण येतं?

मुकुल लबाड असता तर मला डोळ्यांत दिसलं असतं. लहानपणी चोरून साखर खाल्ली तरी दिसायचं.

२५ डिसेंबर

कॉन्व्हेंटमध्ये आज बाळ येशूचा गोठा मांडायचे. आम्ही मुली एमआयडीसी नव्हती तेव्हाच्या माळावरून गवत आणायचो. सिस्टर गुलाबी करंज्या द्यायच्या, त्यांना कोकणीत काहीतरी म्हणायच्या, ते विसरले.

हवालदाराचं पोट फुगलंय. खरंच पिल्लं आहेत! छकुली आनंदानं किंचाळली. दोन घोडे गिऱ्हाइकाकडे गेले. आता चार उरलेत. मुकुल म्हणाला, हा पिल्लांसकट जास्त... असो, ते लिहीत नाही. हवालदार विकायचा नाही, असं मी सांगून टाकलं. बरं म्हणाला. माझा मुलगा माझं ऐकतो.

भार्गवी छकुलीला घ्यायला आली तेव्हा एकटी असताना म्हणाली, ‘आई, नोंदणी तुमच्या नावावरून काढायला सांगा त्यांना. मी सांगून दमले.’ मी म्हटलं, ‘तुझ्या नावावर हवीये का?’ तिचा चेहरा उतरला. बोलायला नको होतं, पण बोलले.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

लिहायला बसले आहे. क्रमानं लिहिते.

अकरा वाजता मुकुलचा फोन. धाप लागल्यासारखा आवाज. ‘आई, घोड्यांना कीड लागली असणार. त्याच खोक्यातले दुसरीकडचे मरतायत. लगेच गोड्या पाण्याची अंघोळ घाल. बोअरचं पाणी टबात घे आणि चौघांनाही त्यात सोड.’

ही अंघोळ मला माहीत होती. त्यानंच शिकवली होती. पाच मिनिटं, वर नाही, आणि तेही तापमान बघून. मी म्हटलं, ‘पाच मिनिटं ना?’

‘तासभर.’

‘मुकुल, तासभर कसे...’

‘आई, माझ्यावर भरवसा नाही का? जल्दी कर. आणि प्रवाळ मागच्या आडात टाकून दे, त्यालाही कीड लागलीय.’

मी सोडले. माझ्या हातानं, एकेक. तिघं लगेच आडवे झाले. हवालदार बराच वेळ ताठ होता. माझ्या बोटाला त्यानं शेपटीचा विळखा घातला. पाच मिनिटं झाल्यावर मी त्याला उचलायला गेले आणि पुन्हा सोडला, कारण मुलगा तास म्हणाला होता. पाऊण तासात संपला.

तासाभरानं मुकुलचा फोन. ‘झालं?’ मी रडत होते. तो म्हणाला, ‘जाऊ दे आई, नशीब. कढीपत्त्याखाली पुरून टाक. खोल पूर. आणि प्रवाळ टाकलंस ना?’ टाकलं म्हणाले. ‘शाबास.’

शाबास कशाला म्हणाला?

८ जानेवारी

पुरवलं नाही माझ्यानं. रात्रभर कापडावर ठेवले होते, आज उन्हात वाळवले. बुटाचं खोकं घेतलं, कापूस घातला. चौघांना चार लेबलं. हवालदाराचं असं:

समुद्रघोडा, नर, पोटात पिल्लं.
मंडपम.
७ जानेवारी २०२५.
जाळ्यात पकडलेला, मुकुलच्या सांगण्यावरून गोड्या पाण्यात ठेवला, पाऊण तासात मेला.

चौथी ओळ लिहिल्यावर महिन्यात पहिल्यांदा मन जरा शांत झालं. खोकं ह्यांच्या फोटोशेजारी ठेवलं. मत्स्योदरीच्या डोंगराला आम्ही अंबडकर मासा म्हणतो. त्या माशाच्या पायथ्याशी आणून मी ह्या चौघा घोड्यांना मारलं.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी दहाला दारात जीप. वनखात्याची माणसं, दोन पंच. पुढं एक बाई, खाकी साडीत. ‘बाई, ओळखलंत का? संध्या. दहावी ब. माझा पिसांचा अल्बम होता.’

मोराच्या पिसाला चौथ्या ओळीत ‘आपोआप गळलेलं, मी उभी होते’ असं लिहिणारी संध्या! आता वनरक्षक आहे. मला इतका आनंद झाला की बाकीची माणसं कशाला आली आहेत, हे विचारायचंच राहिलं. चहा ठेवते म्हणाले. ती म्हणाली, ‘नको बाई. ड्यूटीवर आहे.’

टब कोरडे, टाकीत नुसते पट्ट्यांचे मासे. साहेबांनी विचारलं, ‘समुद्रातलं आणखी काही आहे का घरात?’

मी सांगितलं, आहे की. आणि आतून खोकं आणून दिलं. माझ्या हातानं.

संध्या लेबल वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं ते कापसात परत ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘बाई, हे तुम्ही कशाला आणून दिलंत?’

‘अगं, विचारलं ना त्यांनी.’

सिस्टरांची फांदीही नेली. मी म्हटलं, ती १९७६ची आहे, गुरूंनी दिलेली. साहेब नम्र होते. म्हणाले, ‘प्रवाळ आहे, बाई. यादीत आल्यावर जाहीर करायला हवं होतं.’ तिचंही लेबल केलं त्यांनी. नमुना क्रमांक पाच. ठिकाण: ताराबाईंचे घर.

तीन दिवसांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात एका दुकानावर छापा पडला, त्यांच्या वहीत ‘तारा मरीन’ सापडलं, असं पंचांपैकी एकजण सांगत होता. तीन दिवसांपूर्वी म्हणजे मंगळवारी. मुकुलचा फोन आला त्याच सकाळी.

आता कोणी मला काही समजावून सांगू नये. कळलं.

१५ जानेवारी

आबाराव वकील आले. ह्यांचे कोर्टातले मित्र, मला वहिनी म्हणतात. अटकपूर्व जामिनाचं बघतो म्हणाले. नोंदणी, सिम, पत्ता, मालाची पावती, सगळं माझं. मुकुलचं नाव कागदावर कुठंही नाही. एका ठिकाणी सोडून.

‘वहिनी, ते लेबल नसतं तर...’ एवढं बोलून थांबले. नसतं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. नसतं तर मी एकटीच होते.

मुकुल आला नाही. फोनवर म्हणतो, ‘आई, माझं तिथं येणं बराबर दिसणार नाही.’

२ फेब्रुवारी, रविवार

भार्गवी एसटीनं आली, एकटी. डबा आणला होता, ज्वारीच्या भाकऱ्या न् शेंगदाण्याची चटणी. आधी मला जेवू घातलं. मग म्हणाली, ‘आई, पोल्ट्रीतल्या कोंबड्यांसारखे, असं तुम्हाला सांगितलं ना? मला सांगितलं होतं, आईनंच हौसेनं मागवले.’

‘तू मला स्पष्ट का नाही बोललीस?’

‘बोलले की. सहीच्या दिवशी बोलले, नाताळाला बोलले. तुम्ही म्हणालात, तुझ्या नावावर हवीये का.’

मी ताटात हात धुतला. तिनं माझं ताट उचललं. ‘जबाबात खोटं बोलू नका. एवढंच सांगायला आले. माझा संसार आहे त्यात, तरी सांगते.’

मागची अडीच महिन्यांची पानं वाचली. किती सुबक अक्षरात किती मूर्खपणा लिहिलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मुकुल आला. परवा वनाधिकाऱ्यांपुढं माझा जबाब आहे. आबारावांनी बजावलंय, हा जबाब पोलिसांपुढच्यासारखा नसतो, कोर्टात पुरावा धरतात. एकदा बोललं की बोललं.

त्यानं माझ्यासाठी मऊ चपला आणल्या. पायाशी बसून स्वतः घालून बघितल्या. ह्यांच्या आजारपणातही तो असा बसला नव्हता.

‘आई, शेवटची ओळ तू धक्क्यात लिहिलीस, असं म्हण. मुकुलनं काही सांगितलं नव्हतं, माझी मीच अंघोळ घातली. बस्स.’

‘आणि मग?’

‘तुला काय होणार? वय बघतात, शिक्षिका म्हणून मान आहे. मला मात्र सात वर्षं. छकुली केवढी होईल तोवर?’

‘मुकुल, कीड लागली होती का रे?’

तो चपलेचा पट्टा सारखा करत राहिला. साखरेच्या वेळी दिसायचं तसं डोळ्यांत काही दिसेल म्हणून मी वाकून बघितलं. काही दिसलं नाही. स्वच्छ डोळे. तेच भयंकर वाटलं.

‘आई आहेस ना तू माझी?’ म्हणाला.

हो म्हणाले. बोलेन म्हणाले. त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवला. विरळ झालेत. माझं पोर म्हातारं व्हायला लागलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आबारावांबरोबर जालन्याला गेले. बसमध्ये पूर्ण वेळ पाठ करत होते: ओळ चुकून लिहिली, माझी मीच घातली.

टेबलावर बुटाचं खोकं. लाखेचं सील फोडून उघडलं. हवालदाराचं पोट वाळून चपटं झालं होतं. संध्या लिहायला बसली होती. साहेबांनी कोरा कागद पुढं केला. अक्षर ताडून पाहण्यासाठी लेबलातला मजकूर पुन्हा लिहायचा. संध्यानं वाचून दाखवला, मी लिहिला. शाळेत श्रुतलेखन मी सांगायचे, ती लिहायची. चौथी ओळ आली. माझा हात थांबला नाही. हाताला चौथी ओळ थांबवायची सवयच नाही.

साहेब म्हणाले, ‘अक्षर तुमचं. आता मजकूर खरा की खोटा, तेवढं सांगा.’

पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. संध्या पेन धरून माझ्याकडे बघत होती. दहावी ब, दुसरा बाक. आपोआप गळलेलं, मी उभी होते.

मी म्हणाले, ‘ओळ खरी आहे.’

आबारावांनी चष्मा काढला.

‘आणि ती अर्धी आहे,’ मी म्हणाले. ‘लिहून घे, संध्या. बारा डिसेंबरला मी कायदा वाचला होता. ते जाळ्यातले आहेत हे त्याआधीच कळलं होतं. आधीच्या लेबलावरची ओळ मी पुसली. गोड्या पाण्यात पाच मिनिटांच्या वर ठेवायचं नसतं, हेही मला माहीत होतं. ठेवले मी.’

‘वहिनी!’ आबाराव कुजबुजले.

संध्यानं सगळं लिहिलं. मी खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा वाचून केली.

१३ फेब्रुवारी

मुकुलला नेलं.

२१ फेब्रुवारी

जामिनावर सुटला. फोन केला. शिव्या देईल असं वाटलं होतं, नाही दिल्या. शांतपणे म्हणाला, ‘तू मला लेबल लावलंस, आई. मेलेल्या किड्याला लावतात तसं.’

मी म्हटलं, ‘मलाही लावलं, मुकुल.’

फोन बंद झाला होता. कुठल्या शब्दाला बंद झाला, माहीत नाही.

८ मार्च, शनिवार

पट्ट्यांचे मासे एका शाळेनं नेले. ते कायद्यात बसतात. टाक्या पडून. मीठ उरलेलं, ओल धरून दगड झालं.

आबाराव म्हणतात, आता दोघंही आरोपी; माझ्या वयाचा फायदा मला, मुकुलला कसला? त्यांच्या आवाजात पूर्वीचं ‘वहिनी’ नाही. गल्लीत लोक विचारतात, ‘बाई, एवढ्याशा माशासाठी पोराला?’ मुकुलच्या सासरी मंठ्यालाही पोचलं. भार्गवी छकुलीला घेऊन तिथंच आहे. परत जायचं की नाही ते ठरवलं नाही म्हणाली. मी विचारलं, माझ्यामुळं का? ‘नाही, आई,’ म्हणाली आणि मग, ‘थोडं तुमच्यामुळंही.’ ती लेबलाच्या बाबतीत माझ्याहून चोख आहे.

१६ मार्च, रविवार

सुगंधाबाईंनी टब मागितले. शेळ्यांना पाणी पाजायला. म्हटलं, घेऊन जा सगळे. त्यांच्या आवारापर्यंत मी सोबत गेले, हात लावायला दुसरं कोण आहे? सुग्रीव, सशाच्या खटल्यातला त्यांचा दीर, तिथं बसलेला. त्यानं मला जागा करून दिली. ‘बाई, तुमची तारीख कवा?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, पंचवीसला. ‘माझी बी पंचवीसलाच हाय. संगं जाऊ. सावली धरून बसायची जागा दावतो तुमाला, पिंपळाखाली. आत बसाया न्हाई मिळत.’ बत्तीस वर्षं मी ह्यांचा डबा घेऊन त्याच कोर्टात जात होते. पिंपळाखाली कोण बसतं, कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात छकुलीचा फोन आला, भार्गवीच्या मोबाइलवरून. ‘आजी, हवालदाराला पिल्लं झाली का गं?’

‘झाली,’ मी म्हणाले.

‘किती?’

‘शंभर.’

‘कुठं आहेत?’

‘समुद्रात सोडली.’

संध्याला सांगता आलं, साहेबांना सांगता आलं. सहा वर्षांच्या पोरीला नाही सांगता आलं.

सुगंधाबाई टबात पाणी ओतणार होत्या, पण शेळ्यांनी आधीच तोंडं घातली होती. काठावर मिठाचा पांढरा थर वाळलेला, तो चाटत होत्या. एक करडू तर आतच शिरलं.

‘बघा बाई, लई चवीनं चाटून राह्यल्यात,’ सुगंधाबाई म्हणाल्या. ‘धुऊन घेऊ का पह्यलं?’

मी म्हटलं, राहू द्या. चाटून होऊ द्या.